नानांचा ठिपका

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी न मागता साठतात, चहाचे कागदी कप आणि किस्से. कप रोज संध्याकाळी सफाईवाल्या मावशी पोत्यात भरून नेतात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते माझ्याकडेच राहतात. परवा मुलीने विचारलं, पप्पा, तुम्ही ऑफिसात नक्की करता तरी काय? मी सांगायला बसलो आणि गॅसवरची भाजी करपली तरी माझं संपेना. बायको म्हणाली, एकदाचं लिहून काढा, म्हणजे आम्ही जेवायला मोकळे.

तर अमळनेरच्या थोडं बाहेर आमचा बेस आहे, गॅस पाइपलाइनचा. बेस म्हणजे तीन खोल्या, दोन एसी (त्यातला एक चालू), एक जीप आणि भिंतभर नकाशा. नकाशावर एक लाल रेघ आहे. गुजरातकडून येते, धुळे जिल्हा ओलांडते आणि जळगावच्या अंगाला जाते. ती आमची लाइन, वावरांच्या खाली कमरेइतक्या खोल गाडलेली. वर कापूस लावा, दादर ज्वारी पेरा, आमची ना नाही. पण तिच्यावर घर बांधायचं नाही आणि विहीर पाडायची नाही. कोणी तसं करत नाही ना, हे बघायला रोज एक माणूस लाइनवरून चालत जातो. त्याला म्हणतात लाइनवॉकर. मी या लाइनवॉकरांचा सुपरवायझर.

माझ्यावर साहेब. पुण्याचे, इंजिनिअर, मनाने चांगले, पण कागदावर आल्याशिवाय पाऊस पडतोय हेसुद्धा मान्य न करणारे. जीपवर जळगावचे युनूसभाई. आणि लाइनवॉकरांत आमचे नाना.

नाना पूर्वी तेलगिरणीत होते. गिरणी बंद पडली, मग बरीच वर्षं मिळेल ते काम केलं आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या अंगावर कंपनीचं नारिंगी जॅकेट चढलं. नाना ते जॅकेट इस्त्री करून घालतात! मोठी लेक त्या जॅकेटवर उजवली असं ते स्वतः सांगतात. स्थळाकडचे बघायला आले तेव्हा त्यांनी मुद्दाम ड्युटीवरून थेट घरी यायची वेळ साधली होती. व्याही गावभर सांगत फिरतात की आमचे पाहुणे गॅस कंपनीत आहेत. त्यामुळे ही नोकरी गेली तर नुसता पगार जाणार नव्हता, लेकीचा सासरचा मान जाणार होता. आणि गेल्या वर्षी ती नोकरी जायच्या अगदी बेतात आली होती. ते सांगतोच, पण आधी थोडं मागून येतो.

* * *

लाइन टाकायच्या आधीची गोष्ट. गावोगाव ग्रामसभा घेऊन लोकांना पाइपलाइनचे फायदे सांगायचे होते. साहेबांनी पुण्याहून प्रोजेक्टर आणलेला. शाळेच्या भिंतीवर चित्रं सुरू झाली. कारखाने वाढतील, रस्त्यावरचे टँकर कमी होतील, रिक्षा स्वस्तात धावतील, हवा स्वच्छ राहील. शेवटच्या चित्रात भारताचा नकाशा आणि त्यावर चमचमणाऱ्या रेघा. साहेबांचा आवाज भरून आला होता.

पहिल्या रांगेत एक आबा बसले होते. ऐंशीच्या घरातले, पण कान तिखट. ते म्हणाले, "हाई बठ्ठं देशले भेटी. आमना गावले काय भेटी?"

साहेबांनी समजावलं, की आबा, देशाची प्रगती तुमच्या गावाखालून जाणार आहे, हा केवढा मान आहे.

आबा जरा विचार करून म्हणाले, "साहेब, रेल्वे बी आमना गाववरथून जास. थांबत नही."

पुढच्या गावात साहेबांनी तो नकाशा दाखवलाच नाही.

* * *

हेच आबा पुढे आमचे सगळ्यात मोठे पाठीराखे झाले.

झालं असं, की काही वर्षांनी मागणी वाढली आणि पहिल्या लाइनला समांतर दुसरी टाकायचं ठरलं. काम त्याच गावाजवळून सुरू झालं. पंजाबचे वेल्डर आले, ओडिशाचे फिटर आले, क्रेनवाले आले, आणि त्या सगळ्यांना भूक लागत होती! आबांच्या गुरांच्या गोठ्यात कंत्राटदाराने सामान ठेवलं, त्याचं भाडं सुरू झालं. सुनेने दहा डबे द्यायला सुरुवात केली, ते महिन्याभरात साठ झाले. शेजारच्या तीन बायका तिच्या हाताखाली कामाला लागल्या. पहिल्या दिवशी तिने आपल्या पद्धतीची शेवभाजी पाठवली आणि ओडिशाची सगळी टोळी दुपारभर पाण्याच्या टँकरपाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने तिखट निम्मं केलं. गावात पहिल्यांदा तांदळाचं अख्खं पोतं विकलं गेलं. सलूनवाल्याने दुसरी खुर्ची घेतली.

दीड वर्षाने काम संपलं. पाइप गाडली, माती सारखी केली, क्रेन गेल्या, माणसं गेली. गाव एकदम सुनं पडलं.

एक दिवस आबा एसटीने आमच्या ऑफिसात आले. काठी भिंतीला टेकवली, पाणी प्यायले आणि साहेबांना विचारलं की तिसरी लाइन कधी. साहेब म्हणाले, एवढ्यात तरी नाही. मग आबांनी विचारलं, बरं, जुनी खराब कधी होईल? साहेब अभिमानाने म्हणाले, आबा, काळजी करू नका, कित्येक वर्षं तिला काही होत नाही.

आबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "इतली मजबूत कसाले बनाई साहेब?"

* * *

फायद्यांचा विषय निघालाच आहे तर युनूसभाईंचं सांगतो. त्यांच्या कॉलनीत घरोघरी नळाने गॅस देणार होते, पण कागदपत्रांत बाकीच्यांचं अडलं आणि पहिलं कनेक्शन एकट्या युनूसभाईंना मिळालं. तेव्हा त्यांची कॉलर ताठ. आम्हाला पेढे दिले.

पण त्यांच्या बेगमची, म्हणजे आमच्या भाभींची, एक अडचण झाली. सिलिंडर संपला की शेजारणीकडून उसना आणायचा आणि आपला आला की परत द्यायचा, हे कॉलनीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आता भाभी कोणाला काय उसनं देणार? नळ काढून तर देता येत नाही. शेजारणी म्हणायला लागल्या, गॅस आला आणि भाभी बदलल्या. भाभींना ते फार लागलं.

त्यांनी जाहीर करून टाकलं की ज्यांचा सिलिंडर संपला असेल त्यांनी स्वयंपाक इथेच येऊन करावा.

तेव्हापासून सकाळी सहाला त्यांच्या दारात रांग. एकीच्या हातात कुकर, दुसरीच्या हातात दुधाचं पातेलं, तिसरी तर कणीक भिजवूनच आणते. गप्पा होतात, भांडणं मिटतात, दोन लग्नं त्या ओट्यावर जुळली. भाभींना कॉलनीत नगरसेवकापेक्षा जास्त मान आहे.

युनूसभाई मात्र रोज सकाळी बेसवर आल्या आल्या आमचा चहा पितात. मी एकदा विचारलं, घरून पिऊन का येत नाही? ते म्हणाले, "घर मेरा, गॅस मेरा, और मेरा नंबर आता है नौ बजे."

* * *

खान्देशात मरीमायच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. बैलगाड्या एकामागे एक साखळीसारख्या बांधतात, त्यात माणसं खच्चून बसतात, आणि भगत पुढे होऊन त्या ओढतो. नानांच्या टप्प्यातल्या एका गावाच्या बारागाड्यांची वाट नेमकी आमच्या लाइनवरून जाते.

साहेबांनी पहिल्या वर्षी हे ऐकलं आणि हादरले. लगेच कॅल्क्युलेटर घेतला. एका गाडीचं वजन, एका गाडीतली माणसं, गुणिले बारा. आकडा बघून म्हणाले, परवानगीशिवाय हे चालणार नाही, एक तर वाट बदला नाही तर गाड्या रिकाम्या ओढा. निरोप द्यायला नाना आणि मी गेलो, तर नानांनी तोंड उघडायलाच नकार दिला. ते त्याच मायचे भक्त! शेवटी साहेब स्वतः आले आणि भगताला कागदावर आकृती काढून दाखवली.

भगताने आकृती उलटी-सुलटी करून पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, गाड्या मी नही वढत, माय वढस. वजननं तिले सांगा."

साहेब दोन दिवस झोपले नाहीत. मग त्यांनी लाइनवर लोखंडी जाड प्लेटा अंथरायचं ठरवलं. यात्रेच्या दिवशी सकाळपासून स्वतः उन्हात उभं राहून सहा प्लेटा बसवून घेतल्या, प्रत्येकीवर उड्या मारून पाहिल्या. गावाने हे सगळं पाहिलं. एवढा मोठा साहेब मायच्या वाटेसाठी घाम गाळतोय म्हटल्यावर लोक भारावले.

संध्याकाळी बारागाड्या दणक्यात लाइनवरून गेल्या. लाइनला काही झालं नाही. गाड्यांत माणूस मात्र एक जास्त होता. तिसऱ्या गाडीत, गळ्यात हार, कपाळाला गुलाल, डोळे गच्च मिटलेले, आमचे साहेब बसले होते.

* * *

आता नानांचं.

दोन वर्षांपूर्वी वरून आदेश आला की प्रत्येक लाइनवॉकरला ट्रॅकर द्यायचा. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. ते खिशात ठेवायचं, आणि दूर कुठल्या तरी शहरातल्या कंट्रोल रूममध्ये पडद्यावर त्या माणसाचा ठिपका दिसतो. ठिपका लाइन सोडून गेला की शेरा. ठिपका एका जागी अर्धा तास थांबला की ऑफिसातून फोन करायचा, आणि तासभर थांबला की जीप घेऊन जायचंच, माणसाला काही झालं असेल म्हणून. यंत्र ड्युटीत कधीही बंद पडता कामा नये. तीन शेरे झाले की नोकरी संपली.

नानांनी हे सगळं नीट ऐकलं. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य पक्कं बसलं, यंत्र बंद पडता कामा नये.

पुढच्याच महिन्यात गावात ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस वीज नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकर शेवटचे आचके द्यायला लागला. नानांनी जे गावातलं कोणीही करतं ते केलं. आमच्याकडे दवाखान्यातली औषधं, कॉलेजातल्या पोरांचे डबे, दुरुस्तीचा मिक्सर, सगळं एसटीच्या कंडक्टरकडे देतात आणि ते सुखरूप पोहोचतं. नानांनी सकाळच्या बसला हात केला, कंडक्टरला यंत्र आणि वायर दिली आणि सांगितलं की धुळ्याला स्टँडवर चार्ज करून परतीच्या फेरीत आणून द्या. मग स्वतः निश्चिंत मनाने आठ किलोमीटर लाइन चालून आले.

इकडे कंट्रोल रूममध्ये गोंधळ! नानांचा ठिपका लाइन सोडून हायवेला लागला होता. ताशी पन्नासच्या वेगाने धुळ्याला गेला. स्टँडवर पाऊण तास थांबला. मग त्याच वेगाने परत आला आणि वाटेत एका फाट्यावर दहा मिनिटं चहासाठीही थांबला.

साहेबांनी नानांना बोलावून विचारलं, ड्युटीच्या वेळेत धुळ्याला कशाला गेला होतात?

नानांना मनापासून आश्चर्य वाटलं. म्हणाले, "मी तं लाइनवरच व्हतू साहेब. धुयाले यंत्र गयं."

साहेबांना ते पटलंही. पण कागदावर ठिपका धुळ्याला गेला होता. पहिला शेरा पडला.

* * *

दुसरा शेरा त्याहून अवघड होता.

नाना रोज लाइनवरून चालत, पण एका वावराशी आले की ठिपका डावीकडे वळायचा, वळसा घालून पुढे पुन्हा लाइनवर यायचा. रोज, न चुकता. कंट्रोल रूमला वाटलं यंत्राची चूक. मला माहीत होतं, चूक यंत्राची नाही. ते वावर नानांच्या चुलतभावाचं. बांधावरून दोघांचं बिनसलेलं, वीस वर्षं बोलणं नाही. त्याच्या मातीत पाय ठेवणार नाही अशी नानांनी आईसमोर शपथ घेतलेली. म्हणून तेवढा तुकडा ते बांधावरून मान उंच करून बघत आणि पुढे जात. मी गप्प राहिलो होतो. चुकलंच माझं.

भांडं फोडलं कोणी? त्या चुलतभावानेच! लाइन कुठून जाते ते दाखवायला वावरांत आमचे पिवळे खांब असतात, त्या प्रत्येकावर तक्रारीसाठी नंबर लिहिलेला असतो. त्यावर त्याने फोन लावला आणि तक्रार नोंदवली की कंपनीचा माणूस सगळ्यांच्या वावरातली लाइन तपासतो, फक्त माझीच सोडतो. "मन्हा वावरमाधली पाइप काय सावतर शे का?"

तक्रार रेकॉर्डवर आली. दुसरा शेरा.

त्या दिवशी साहेबांनी नानांना समोर बसवलं आणि पहिल्यांदा आवाज चढवला नाही. म्हणाले, नाना, आता एक. एक जरी झाला तरी माझ्या हातात काही राहणार नाही. नाना टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ठिपका सरळ जायला लागला. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. नाना चपला हातात घेऊन, खाली मान घालून त्या वावरातून झपाझप चालले होते, जणू चपलेला माती लागली नाही तर शपथ मोडत नाही. चुलतभाऊ बांधावर पाठ फिरवून बसलेला. त्याच्या शेजारी पाण्याची कळशी होती आणि तिच्यावर दोन पेले पालथे घातलेले होते. बोलत मात्र दोघंही नाहीत, अजून.

* * *

आणि मग तो वैशाखातला दिवस.

सकाळी पावणेदहाला कंट्रोल रूमचा फोन आला की नानांचा ठिपका थांबलाय. मी नानांना फोन लावला. बंद. सव्वादहाला परत लावला. बंदच. नकाशावर पाहिलं तर ठिपका लाइनवरच होता, पण जिथे थांबला ते वावर नानांच्या व्याह्यांचं, भास्करआप्पांचं.

साहेबांच्या मनात काय आलं ते माझ्याही मनात आलं. लेकीच्या सासरी गेले, बसले गप्पा मारत. तासभर झाला तेव्हा नियमाप्रमाणे जीप निघायला हवी होती. मी किल्लीही घेतली. पण साहेब म्हणाले थांबा, आता तिसरा शेरा आहे, नोकरीचा प्रश्न आहे, अर्धवट पुराव्यावर मी कोणाच्या पोटावर मारणार नाही. पूर्ण होऊ द्या जे होतंय ते. त्यांनी ते नानांवरच्या मायेनेच म्हटलं. आम्ही तिघंही त्या पडद्यासमोर बसून राहिलो. अकरा, बारा, एक. ठिपका जागचा हलेना. युनूसभाईंनी चहाही घेतला नाही. एक वाजता साहेबांनी स्वतःच्या हाताने पत्र टाइप केलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा नीट झालं. पाकिटात घातलं आणि म्हणाले, चला.

बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

भास्करआप्पांच्या वावराच्या कडेला पोहोचलो तर समोर जेसीबी उभा. बकेट हवेत आणि ड्रायव्हर यंत्राच्या सावलीत घोरत पडलेला. त्याच्यापासून दहा पावलांवर भर उन्हात एक खाट, खाटेवर गादी, गादीवर लोड, चार काठ्यांना बांधलेली चादर वर सावलीला, आणि त्या सगळ्याच्या मध्ये नारिंगी जॅकेट घालून आमचे नाना मांडी घालून जेवत बसलेले! लेक तुपाची वाटी घेऊन उभी. पलीकडे चुलीवर मातीचं पालथं खापर तापलेलं आणि एक बाई हातावर परातीएवढा पुरणाचा मांडा फिरवतेय.

साहेबांचा हात खिशातल्या पाकिटावर गेला.

भास्करआप्पा हसत हसत पुढे आले. एवढा आनंदी माणूस मी त्या उन्हाळ्यात दुसरा पाहिला नाही. साहेबांचा हात धरून सांगायला लागले, की विहीर पाडायला आज यंत्र बोलावलं, सकाळी नारळ फोडला, चुन्याने गोल आखला. तेवढ्यात पाहुणे आले. म्हणाले की लाइन इथूनच जाते. मी म्हटलं, पाहुणे, लाइन त्या बाभळीपलीकडे आहे, माझं वावर मला माहीत नाही का? चार माणसं उभी होती, सगळी हसली. पाहुणे गप्प झाले. मुलीकडचे ना, व्याह्याला किती बोलणार!

मग आप्पांनी आवाज खाली आणला. नाना जुन्या वळणाचे, लेकीच्या सासरी अन्नपाणी न घेणारे. येताना पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणायचे. आप्पांच्या घराला त्याचं फार वाईट वाटायचं. "तीन वरीस व्हयनात साहेब, मन्हा घरनं पानी पेयेल नही या मानूसनी. आज सोता म्हने, भूक लागनी. मंग मी यंत्रकडे दखू का पाहुनाकडे?"

आप्पांनी विचारलं होतं, काय जेवाल? नाना म्हणाले, मांडे. आता मांडे म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. डाळ शिजवा, पुरण वाटा, कणीक तिंबा, चूल पेटवा, खापर तापवा, आणि हातावर मांडा करणारी बाई शेजारच्या गावातून बोलवा. आप्पांनी सगळं केलं. फक्त एक त्यांना कळलं नव्हतं. बाभळीखाली गार सावली असताना पाहुणे म्हणाले, खाट इथेच टाका, इथे वारा लागतो.

वारा कुठेच नव्हता. मी खाली पाहिलं. खाट चुन्याच्या गोलात बरोबर मधोमध होती, चारही पाय गोलाच्या आत. तीन पावलांवर मातीत पडलेला, वेली चढलेला आमचा पिवळा खांब होता. नानांनी आम्हाला फोन केला असता तर खोदकामाची खबर रेकॉर्डवर गेली असती, मागोमाग पोलीस आले असते, आणि नोटीस लेकीच्या सासऱ्याच्या नावाने निघाली असती. नानांनी स्वतःचा फोन बंद करून उशाखाली सारला होता. ट्रॅकर मात्र खाटेच्या पायाला सुतळीने बांधलेला होता आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

आम्ही तिकडे एसीत बसून चार तास पुरावा गोळा करत होतो. साहेबांनी खिशातून हात बाहेर काढला तेव्हा तो रिकामा होता. ते खाटेजवळ गेले आणि मातीतच, इस्त्रीच्या पॅन्टवर, खाली बसले.

नानांचा चेहरा घामाने थबथबलेला, पट्टा सैल, श्वास लागलेला. लेकीने नवीन मांडा वाढला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कितला येळ लाया भाऊ," ते म्हणाले. "हाऊ सातवा मांडा शे."